हिरवा तळ

बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मला इतके कमी गुण पडले की घरात त्यावर कोणी बोललंसुद्धा नाही. बाबांनी दोन दिवस पेपर उघडला नाही, आईनं नेहमीसारखा स्वयंपाक केला, आणि तिसऱ्या दिवशी ठरलं की मी वर्षभर अकोल्याला बापूमामांकडे राहून पुन्हा तयारी करायची. अमरावतीत क्लास नव्हते असं नाही. पण अमरावतीत ओळखीचे लोक फार होते आणि प्रत्येक जण किती पडले हे विचारत होता. निघताना आईनं मामांना आवडतात म्हणून राजापेठेतून गिलावडे बांधून घेतले. ते अकोल्यापर्यंत थंड आणि मऊ पडले होते. मामांनी ते तसेच, उभ्या उभ्या, पुडीतूनच खाल्ले आणि परीक्षेबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाले, वरची खोली तुझी, पंखा जरा आवाज करते.

पंखा बराच आवाज करायचा. जठारपेठेतल्या त्या घरात आवाजांना तोटा नव्हता. शेजारी पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि भिंतीला कान न लावताही समजायचं की आता ज्वारी चालली आहे की गहू. मामी भाकरी थापायची तो आवाज जिन्यातून वर यायचा. मामी बोलकी नव्हती, पण ताटात वाढताना तिचा हात मोकळा होता. पातोडीचा रस्सा, ठेचा, आणि वर कच्च्या तेलाची धार. रिपीटर बॅचची मुलं डब्यात काय खातात हे मी वर्षभर पाहत होते. माझ्याइतकं चांगलं कोणी जेवत नव्हतं, आणि माझ्याइतकं वाईट मोजकेच लिहीत होते. दर सोमवारी चाचणीचे क्रमांक फळ्यावर लागायचे. मी माझं नाव खालून शोधायला शिकले होते, लवकर सापडायचं.

बापूमामा कापसाचे ग्रेडर होते. आयुष्यभर त्यांनी तेच केलं, आणि निवृत्तीनंतरही दसऱ्यापासून पुढे सिझनभर बार्शीटाकळी रोडवरच्या एका जिनिंग कारखान्याचा शेठ त्यांना मानानं बोलावून न्यायचा. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ते खालचा कापूस काढायचे, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ओढायचे आणि लांबी सांगायचे. ओल किती, कवडी किती, म्हणजे किडका पिवळा कापूस किती मिसळला आहे, हेही सांगायचे. विकणारा आणि घेणारा, दोघंही ते मानायचे. काही लिहून ठेवायची त्यांना सवय नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीचा माल कसा होता हे ते संध्याकाळी शेवटच्या गाडीशी ताडून सांगत. सिझन नसला की मात्र त्यांना घर खायला उठायचं. ते दारापुढच्या छपरीत येरझाऱ्या घालायचे आणि मामी म्हणायची, बसा ना कुठंतरी.

खेळ आणला प्रसाददादानं. हा मामांचा एकुलता मुलगा, बंगळुरूला नोकरी करतो. पावसाळ्यात चार दिवस आला तेव्हा त्यानं एक लहानसा खोका आणला होता, त्यावर तारे आणि आग ओकणारी जहाजं. दोघांनी खेळायचे अवकाशातल्या लढाईचे पत्ते. दोन दिवस त्यानं मला शिकवलं आणि जाताना खोका माझ्याकडे ठेवून गेला, अभ्यासात डोकं थकलं की खेळत जा म्हणून. खेळणार कोणाशी हा प्रश्न होताच. एका दुपारी क्लासहून आल्यावर मी छपरीत एकटीच पत्ते मांडून बसले होते तेव्हा मामा येरझाऱ्या थांबवून समोर बसले आणि म्हणाले, "मलेही सांग."

खेळ सोपा नाही, पण समजला की सुटत नाही. दोघांनाही सुरुवातीला दहा-दहा किरकोळ पत्ते आणि पन्नास-पन्नास ताकद मिळते. मध्ये पाच पत्ते उघडे असतात: जहाजं, लढाऊ विमानं, तळ. दर डावाला आपल्या गड्डीतून पाच पत्ते हातात येतात, त्यांच्या बळावर मधले पत्ते विकत घ्यायचे किंवा समोरच्यावर हल्ला करायचा. घेतलेले पत्ते आपल्या गड्डीत मिसळत जातात, म्हणजे गड्डी हळूहळू आपण घडवू तशी घडते. ज्याची ताकद आधी संपली तो हरला. पत्त्यांचे रंग चार, आणि प्रत्येक पत्त्यावर तो काय करतो हे दोन-तीन ओळींत इंग्रजीत लिहिलेलं. मामांना इंग्रजी आकडे यायचे, मालाच्या पावतीवरचे शब्द यायचे, त्यापुढे नाही. म्हणून ठरलं की पत्ता आला की मी वाचून मराठीत सांगायचं. एकदा सांगितलं की पुन्हा विचारायची त्यांना गरज पडत नसे. आठ दिवसांत ते चित्र पाहून पत्ता ओळखू लागले.

दहाव्या दिवशी त्यांनी मला हरवलं. नुसतं हरवलं नाही, कसं हरवलं तेही समजावलं. मी मोठाली, महागडी जहाजं घेत सुटायची. मामा लाल पत्ते घ्यायचे, ज्यांच्या जोरावर आपल्याच गड्डीतले किरकोळ पत्ते कायमचे काढून टाकता येतात. मला ते मूर्खपणाचं वाटलं होतं, असलेले पत्ते कोणी कशाला फेकेल. ते म्हणाले, कवडी वेचून काढली की उरलेल्या मालाची प्रत आपोआप वाढते. त्यांच्या गड्डीत बारा पत्ते राहिले आणि बाराही कामाचे. माझ्या गड्डीत पस्तीस, आणि हातात नेमके नको ते यायचे. त्यानंतर सलग सहा दिवस मी हरले. ते जिंकले की हसत नसत, फक्त पत्ते गोळा करून नीट चौकोनी करून माझ्यापुढे ठेवत. मला वाटतं त्यांनी थट्टा केली असती तर मी वाचले असते.

सातवा दिवस सोमवार होता. फळ्यावर माझं नाव खालून चौथं होतं. घरी आले, चहा घेतला, आणि आम्ही बसलो. सातव्या-आठव्या डावाला मामांना एक हिरवा तळ मिळाला. तो त्यांनी आधी कधी घेतला नव्हता. पत्ता माझ्याकडे सरकवून म्हणाले, वाच. मी मनात वाचलं. तळ एकदा मांडला की तो पुढ्यात राहतो आणि समोरचा तो पाडेपर्यंत दर डावाला आपलं काम करत राहतो, सगळेच तळ असे असतात. मी वर पाहून सांगितलं की हिरवा तळ एकच डाव टिकतो, मग उचलून बाजूला ठेवायचा.

त्यांनी माझ्यापुढच्या पिवळ्या तळाकडे पाहिलं. तो तीन डावांपासून तिथंच होता. "आन पिवळा?"

"पिवळा राहते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, तळ मांडला आणि पुढच्या डावाला तो स्वतःच्या हातानं उचलून ठेवला. त्या दिवशी मी जिंकले.

एवढंच करून थांबले असते तरी एक गोष्ट होती. पण मग ते सोपं होत गेलं. ज्या पत्त्यानं समोरच्याला हातातला एक पत्ता टाकावा लागतो, तो मामांकडे पहिल्यांदा आला तेव्हा मी सांगितलं, दोघांनीही टाकायचा. असे चार-पाच पत्ते मी वाकडे वाचले असतील. मामा ते सगळं जसंच्या तसं लक्षात ठेवायचे आणि त्या खोट्या नियमांतूनही वाट काढायचे, हिरवे तळ घेणं सोडून द्यायचे, दुसरं काही रचायचे; तरी मी चारांतले तीन खेळ जिंकू लागले. सोमवारी फळ्यापुढे उभं राहिलं की मला दुपारची आठवण यायची आणि बरं वाटायचं. आज मी औषधांच्या दुकानात बसते. खेड्यांतून आलेली माणसं खोक्यावरचं इंग्रजी पुढे करून विचारतात, काय लिहिलं आहे. मी वाचून सांगते. ती मान हलवतात, अगदी तशीच, आणि निघून जातात. दिवसातून दहादा तरी हे होतं आणि एकदाही मला ते सहज जात नाही.

त्या महिन्यांत मामांच्या हातून विसरण्याच्या दोन-तीन गोष्टी झाल्या होत्या. टाकीचा नळ चालू राहून गल्लीभर पाणी झालं. दूधवाल्याला त्यांनी त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली. त्या वयात कोणाच्याही हातून होतात तशा. पण आजोबांचं, मामांच्या वडिलांचं, शेवटी डोकं गेलं होतं, घरचीच माणसं ओळखत नव्हते, आणि त्यांचं सगळं मामीनं केलं होतं. ती प्रसाददादाला फोनवर हळू आवाजात सांगायची, मला जिन्यात ऐकू यायचं.

दिवाळीला प्रसाददादा आणि केतकीवहिनी आले. वहिनी पुण्याची, तिला आमचं बोलणं भांडल्यासारखं वाटायचं, पण स्वभावानं गोड. पाडव्याच्या दुपारी जेवणं झाली, कोथिंबिरीच्या सांभारवड्या उरल्या होत्या त्या मध्ये ठेवल्या, आणि दादा म्हणाला, बाबा, तुम्ही शिकलात म्हणे, या आता. मामा खूश झाले. मुलाशी असं समोरासमोर बसून त्यांनी किती वर्षांत काही खेळलं नसेल. मी उठून आत जायला हवं होतं, किंवा त्याआधीच्या चार दिवसांत कधीतरी मामांना सांगायला हवं होतं. मी खांबाला टेकून बसून राहिले. मनात मी म्हणत होते की दादाला हिरवा तळ येऊ नये.

आला. त्यानं तो मांडला, मामांचा डाव झाला, पुन्हा दादाची पाळी आली. मामा म्हणाले, तळ उचल, एक डाव झाला. दादा हसला. म्हणाला, नाही बाबा, पाडेपर्यंत राहतो. मामांनी शांतपणे समजावलं की पिवळा राहतो, हिरवा राहत नाही. दादानं पत्ता हातात घेऊन ओळ वाचून दाखवली. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मग छापण्यात चूक असेल, त्यांना पक्कं याद आहे. हे ऐकून दादानं मामीकडे पाहिलं. ते पाहणं मला दिसलं. मामांनाही दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज पहिल्यांदा थोडा चढला.

"अशू, सांग त्याले. तूच सांगतलं होतं ना मले?"

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यात एका क्षणात काय काय येऊन गेलं: हे अमरावतीला समजेल, आई-बाबांना समजेल की मी तिथं काय करत होते, नापास आणि वर लबाड. मी म्हणाले, "नाही मामा. मी असं नव्हतं सांगितलं. तुमी विसरले असान."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. मालाचा नमुना हातात घेऊन ते जसं पाहायचे तसं, पण यावेळी जणू आपलाच हात तपासत होते. मग म्हणाले, "असन. विसरलो असन." केतकीवहिनी प्रेमानं म्हणाली, होतं असं कधीकधी बाबा, आणि त्यांच्यापुढे सांभारवड्यांची ताटली सरकवली. त्यांनी एक उचलली. डाव तिथंच मोडला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मामी रडली. दादानं डॉक्टरांचा नंबर मिळवला. पाणी, दूधवाला, आणि आता हे; नुसतं विसरणं नाही, नसलेलं पक्कं आठवणं. दादा म्हणाला की सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. मी तिथं चहाचे कप विसळत उभी होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. ते वाक्य तोंडापाशी आलं आणि मी पुढचा कप घेतला. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, रक्त तपासलं, विशेष काही नाही पण लक्ष ठेवा म्हणाले. लक्ष ठेवणं सुरू झालं. मामी गॅस स्वतः पाहू लागली, त्यांना एकट्याला बाजारात जाऊ देईना, ते काही सांगू लागले की दोनदा विचारून खात्री करून घेऊ लागली.

पंधरा दिवसांनी शेठचा माणूस आला. यंदा पाऊस लांबला म्हणून गाड्या आता कुठे लागू लागल्या होत्या, बापूंची वाट पाहत होते. मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की यंदा दुसरा माणूस पाहा. त्यानं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "एका गाडीची प्रत चुकली तरी कोनाचं तरी वर्ष जाते. मले आता माह्याच डोक्याचा भरोसा नाई." मी दारातच होते, पुस्तक छातीशी धरून. माणूस गेल्यावर मामा बराच वेळ छपरीत बसून राहिले. येरझाऱ्याही घातल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोका आणायला सांगितला. म्हणाले, मले पहिल्यापासून शिकव, सावकाश सांग, यावेळी मी ध्यानात ठेवीन. आणि मी पत्ते काढत असताना म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर म्या तुले खोटं पाडलं. राग नको मानू, पोरी."

मी शिकवलं. प्रत्येक पत्ता, जे लिहिलं होतं तेच. हिरवा तळ आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ओठ हलवत घोकला. मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट मला कोणी विचारली तर लोकांना वाटेल की मी पाडव्याच्या दुपारचं सांगेन. मी ही दुपार सांगेन.

हिवाळा गेला. मी अभ्यास करत होते असं म्हणायचं. परीक्षा झाली, आणि मे महिन्यात सामान बांधून मी निघाले. अकोला स्टेशनवर मला सोडायला मामा आले, मामीनं त्यांना हो-नाही करत एकटं पाठवलं होतं. बडनेऱ्याची गाडी उशिरा होती. ऊन इतकं की फलाटावर बाकाला हात लावता येत नव्हता. मामांनी रुमाल अंथरून मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मी मान खाली घालूनच सांगून टाकलं. हिरव्या तळाचं, बाकीच्या पत्त्यांचं, पाडव्याचं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

 ते म्हणाले, "म्हंजे मले बरोबर याद होतं."

"हो मामा."

"हिरवा एक डाव, पिवळा कायम. असंच सांगतलं होतं तू."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मी वाट पाहत होते की आता ते रागावतील, आणि मला ते हवं होतं. पण त्यांचा चेहरा मोकळा होत चालला होता, एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासारखा. "सहा महिने झाले, रोज सकाळी उठून पाढे म्हनून पाहतो म्या. एकोनतीसचा येते का नाई," ते म्हणाले, आणि हसले. मला तिथं रडू आलं आणि त्यांनीच मला पाणी आणून दिलं. गाडी आली तेव्हा माझी बॅग वर ठेवून खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले की प्रसादला आणि मामीला मीच सांगावं. त्यांनी सांगितलं तर म्हातारा सारवासारव करतो असं वाटेल.

मी घरी पोचताच फोन करते म्हटलं होतं. केला तो जून संपताना. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आईला सांगितलंस? मी नाही म्हणाले. मग आता तिला लाव, तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. मामीनं तर एक शब्द काढला नाही; तिनं फोन कानाला धरला आहे हे मला मागच्या गिरणीच्या आवाजावरून समजत होतं. मला त्या वर्षीही डॉक्टरकी मिळाली नाही. फार्मसीला अमरावतीतच प्रवेश घेतला.

दसऱ्याच्या आधी मामांचा फोन आला. रविवारी ये, म्हणाले, शेठकडे जायचं आहे. कशासाठी ते सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. मी सकाळच्या गाडीनं गेले. आम्ही दोघं रिक्षानं जिनिंगवर गेलो. आवारात पहिल्या गाड्या लागल्या होत्या, आणि पस्तिशीचा एक माणूस ढिगात हात घालून उभा होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. शेठ चांगला माणूस. त्यानं खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, तब्येत विचारली. मामा म्हणाले, ही माझी भाची, हिला काही सांगायचं आहे. मग मी सांगितलं, की मामांचं डोकं ठीक आहे, ते विसरत नाहीत, मी पत्त्यांच्या खेळात त्यांना खोटं सांगितलं होतं आणि मग घरात सगळ्यांसमोर खोटं बोलले. बोलताना मलाच ऐकू येत होतं की हे किती विचित्र वाटतं. कुठला खेळ, कसला हिरवा तळ. शेठनं मध्ये एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लहान मुलाचं पाठांतर ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी हळुवारपणे म्हणाला, "बरं झालं सांगतलं, बाई." आणि मामांना म्हणाला की नवा माणूस ठेवला आहे, त्यालाही घर आहे, पण बापूंनी केव्हाही यावं, बसावं, जिनिंग त्यांचंच आहे.

परतताना रिक्षा मिळेना म्हणून आम्ही चौकापर्यंत चालत निघालो. मामा पुढे, मी दोन पावलं मागे. गाड्यांमधून उडालेली रुई रस्त्याकडेच्या बाभळींना लागली होती. बरंच अंतर गेल्यावर ते चालता चालताच म्हणाले, "शेठले वाटलं, म्याच तुले पढवून आनलं."

आवाजात तक्रार नव्हती. मालात ओल आहे, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.  चौक आला, तेव्हा त्यांनी थांबून मला विचारलं, की जेवायला थांबणार ना, मामीनं भाकरी टाकल्या असतील. मी हो म्हणाले, आणि त्यांच्या मागून चालत राहिले.